वसाहतींतील लोकपाल

परकीय सरकारनें आपल्याच कारभाराची चौकशी करण्यासाठीं निःपक्षपाती अधिकारी नेमावा काय, हा प्रश्न हाँगकाँगमध्यें १९६० नंतरच्या दशकापासून १९८८ सालीं कायदा होईपर्यंत चर्चिला जात होता. त्यांतील नैतिक अडचण आम्हांस विचारार्ह वाटते.

हें पद मूळचें स्वीडनचें. तेथें १८०९ सालीं लोकप्रतिनिधींच्या सभेनें राजाच्या अंमलदारांवर देखरेख ठेवण्यासाठीं तें निर्माण केलें. म्हणजे नेमणारे एक व ज्यांची झडती घ्यावयाची ते दुसरे. हाँगकाँगच्या कायदेमंडळांत १९८५ पर्यंत एकही निवडलेला सभासद नव्हता. मग लोकपाल नेमणार कोण? अर्थात् गव्हर्नर! चाकरांचे दोष हुडकावयास धन्यानेंच माणूस नेमावा, यांत न्याय तो कितपत? रामशास्त्र्यांनीं राघोबास दोषी ठरविलें तें पेशव्यांचे न्यायाधीश असतांनाच, हें खरें. परंतु प्रत्येक पिढींत एक रामशास्त्री निपजेल, असें धरून संस्था उभारतां येत नाहीं.

दुसरा आक्षेप याहून खोल आहे. गाऱ्हाणें ऐकणारी परसत्ता सुसह्य होते आणि सुसह्य झालेली सत्ता अधिक काळ टिकते, असें कित्येक म्हणतात. त्यांच्याविषयीं आम्हांस आदर आहे. त्यांचें म्हणणें मात्र मान्य नाहीं. ज्या फेरीवाल्याचा परवाना एखाद्या कारकुनाच्या हयगयीनें अडकला, त्याच्या घरची चूल आज पेटावयाची आहे. त्याचें दुःख त्याचें आहे. राजकारणाच्या होमांत समिधा म्हणून तें टाकण्याचा अधिकार दुसऱ्या कोणास, हेतु कितीही थोर असला तरी, पोंचत नाहीं.

म्हणून नेमणूक व्हावी, असेंच आम्ही म्हणूं. पण तिची किंमत वाजवीपेक्षां अधिक लावूं नये. १९८९ सालीं हाँगकाँगांत तें पद सुरू झालें तेव्हां सामान्य माणसास त्या दारीं थेट जातां येत नसे. कायदेमंडळाच्या सभासदामार्फतच तक्रार न्यावी लागे. ही अट १९९४ पर्यंत टिकली. पोलिसांविरुद्धच्या तक्रारी तर कक्षेबाहेरच ठेविल्या होत्या! गरिबास ज्या खात्याचा धाक अधिक, तेंच वगळलें. शिवाय असा अधिकारी नियम नीट पाळला गेला कीं नाहीं एवढेंच पाहूं शकतो. नियम करणारांस तो हक्क दिला कोणी, हें विचारण्याची त्यास मुभा नसते. लोकसभेच्या बदल्यांत हें पद कोणी देऊं करील, तर तो सौदा नाकारावा हें बरें.

१९९७ सालीं ब्रिटिश अंमल संपला. पद राहिलें, त्यावरील नेमणूक आतां गव्हर्नराऐवजीं तेथील मुख्य प्रशासक करतो.