वाशातलं भोक

चाळीस वर्षं सुतारकी केली. घर भीमाशंकरजवळ. ओसरीच्या वाशाला भुंग्याची मादी भोक पाडते. सकाळी खाली भुशाची रांगोळी. ती लाकूड खात नाही, नुसतं कोरते. आत परागाचा गोळा ठेवून त्यावर अंडं घालते.

वर रानात शेकरू. १९८५ साली अभयारण्य झालं ते मुख्यतः त्याच्यासाठी. तो एकाऐवजी अनेक घरटी बांधतो, जमिनीला क्वचितच पाय लावतो.

ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाच्या मोहाला भ्रमराचा दृष्टान्त आहे: कोरडं लाकूड भेदणारा कोवळ्या कळीत अडकतो. त्यामुळे मला वाटायचं, भुंगा संसारी, शेकरू संन्यासी. घरं अनेक, गुंतणं कशातच नाही.

पण मधली चार झाडं तुटली की शेकरूची वाटच खुंटते. त्याचं मोकळेपण एकमेकांत गुंतलेल्या फांद्यांवर उभं आहे. मग निःसंग कोण?

मला आता वाटतं, गुंतणं कुणालाच चुकत नाही. आपण कशाच्या आधारावर उभे आहोत हे विसरणं, तोच मोह. हातातली पटाशी कुणाच्या तरी झाडावर चालली, हे मीही विसरलोच होतो.

दरवर्षी मी ते भोक लांबी भरून बुजवायचो. यंदा राहू दिलं.