देव्हाऱ्यासमोरची खुर्ची

नाशिक क्षेत्रातील धर्माचरण हे फार मोठ्या अंशाने पायांचे आणि गुडघ्यांचे आचरण आहे. रामकुंडाच्या ओल्या पायऱ्या उतरून गोदावरीचे पाणी ओंजळीत घ्यावयाचे, सुमारे पाचशे पायऱ्या चढून सप्तशृंगीचे दर्शन घ्यावयाचे, श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी करावयाची, पौष वद्य एकादशीस त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या समाधीपुढे दंडवत घालावयाचे, आणि हे जमो न जमो, रोज सकाळी घरच्या देव्हाऱ्यापुढे पाटावर मांडी घालून बसावयाचेच, अशी ज्यांची सारी हयात गेली, त्यांचा एखादा सांधा निकामी झाला म्हणजे त्यांच्या धर्माचीच एक वाट बंद होते. म्हणून गुडघ्याचा सांधा बदललेली, किंवा न्हाणीघरात घसरून खुब्याचे हाड मोडून घेतलेली एखादी वृद्धा रुग्णालयातून निघण्याच्या दिवशी परिचारिकेस हळूच जो प्रश्न विचारते, तो पुष्कळदा दुखण्याचा नसतो आणि खर्चाचाही नसतो. ‘सिस्टर, खाली बसायचं नाही म्हणता, मग खुर्चीवर बसून केलेली पूजा देवाला पोचते का हो?’ असा तो असतो. शल्यचिकित्सक एव्हाना पुढच्या खाटेकडे गेलेले असतात, आणि धर्मशास्त्राचा हा प्रश्न बावीस-तेवीस वर्षांच्या एका मुलीच्या पदरात पडतो.

‘देव भावाचा भुकेला’ हे त्यावरचे तयार उत्तर, आणि ते खोटे नाही. परंतु त्याने प्रश्न मिटत नाही, नुसता गप्प बसतो. आजन्म ज्या देहाने नमस्कार घातला त्या देहास एका वाक्यात पूजेतून वगळावे, हे त्या वृद्धेस मनातून पटत नाही, आणि तिचे बरोबरच आहे. तेव्हा शास्त्राचीच रुजुवात घ्यावी हे बरे. पतंजलींनी आसनाचे लक्षण सांगताना स्थैर्य आणि सुख एवढ्या दोनच गोष्टी मागितल्या. जमिनीचा आग्रह त्यांनी धरला नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याचे आसन फार उंच नसावे आणि फार सखलही नसावे असे सांगितले आहे, त्यातील पूर्वार्ध आपल्या कर्मठ मंडळींच्या नीट ध्यानात राहिला आणि उत्तरार्धाचा त्यांना विसर पडला. खुब्याचा सांधा बदललेल्या माणसास अस्थिविभागातील परिचारिका नेमका तो उत्तरार्ध शिकवीत असते: सखल आसनावर बसू नका, गुडघा खुब्याच्या वर जाऊ देऊ नका, मांडीचा कोन काटकोनाहून अधिक आवळू नका, पायावर पाय टाकू नका, नाहीतर कृत्रिम सांध्याचा गोळा खोबणीतून निसटेल. सप्तशृंगगडावर 2018 साली फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली, आणि तीत बसून वर गेलेल्या भाविकाचे दर्शन उणे पडते असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. मग घरातल्या खुर्चीनेच कोणते पातक केले?

परंतु खुर्चीचा वाद हा वरवरचा आहे. त्याच्या तळाशी दुसरा, अधिक कठीण प्रश्न दडलेला असतो, आणि तो ‘भोग आहेत, भोगलेच पाहिजेत’ ह्या वाक्यातून बाहेर येतो. हे वाक्य आपल्याकडे दोन प्रकारची माणसे उच्चारतात. एक ती, ज्यांनी करण्यासारखे सारे केलेले असते आणि उरलेली वेदना जी शांतपणे सोसतात. त्यांच्यापुढे मस्तक नमवावे. दुसरी ती, ज्यांना मांडीच्या स्नायूंचा सांगितलेला व्यायाम दुखतो म्हणून टाळावयाचा असतो, आणि आळसास प्रारब्धाचे वस्त्र पांघरले की तो सात्त्विक दिसतो. वस्तुतः ज्या वेदान्ताने प्रारब्ध मानले त्याच वेदान्ताने क्रियमाण कर्म माणसाच्या हाती ठेवले आहे. हाड मोडले हे प्रारब्ध म्हणावयाचे असेल तर खुशाल म्हणावे. परंतु पोटऱ्यांत रक्त साकळू नये म्हणून घोटा वर-खाली हलवावयाचा की नाही, हा आजच्या दुपारचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर पूर्वजन्मात शोधावयाचे कारण नाही.

देहाच्या उपेक्षेचे समर्थन करताना अष्टावक्राचे नाव हटकून घेतले जाते. आठ ठिकाणी वाकडा असलेला तो ऋषिकुमार जनकाच्या सभेत आला, सभा हसली, आणि केवळ कातडे पाहणाऱ्या ह्या पंडितांस त्याने चर्मकार ठरविले, ही कथा लोकप्रसिद्ध आहे. तथापि महाभारताच्या वनपर्वातील आख्यानाचा शेवट कीर्तनात फारसा ऐकू येत नाही. बंदी नावाच्या पंडितास वादात जिंकून अष्टावक्राने पित्यास सोडविल्यानंतर पिता कहोड ह्या ज्ञानी पुत्रास समंगा नदीत स्नान करावयास सांगतो आणि त्याचे अवयव सरळ होतात. पुत्र आत्मज्ञ आहे, तेव्हा त्याचे गुडघे वाकडे राहिले तरी काय बिघडले, असा विचार त्या पित्याने केला नाही. भागवतातील श्रीकृष्णही कुब्जेस वैराग्याचा उपदेश करीत बसत नाही. तिच्या पावलांवर पाऊल रोवून, हनुवटीखाली दोन बोटे लावून तिला सरळ करतो.

रुग्णास शिकविणे ही पाश्चात्त्यांकडून आलेली नवलाई आहे, अशी काहींची समजूत दिसते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि स्वतः रोगी. परिचारकाच्या ठिकाणी उपचाराचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता हे गुण असावेत. आणि रोग्याच्या ठिकाणी स्मरण, सूचनांचे पालन, निर्भयता आणि आपली व्यथा नीट सांगता येणे हे असावेत. रोग्यास चिकित्सेचा एक पाद मानणे ही गोष्ट आम्हांस फार मोठी वाटते, कारण त्यामुळे खाटेवर पडलेला मनुष्य उपचाराचा विषय न राहता त्याचा भागीदार होतो. आणि हे चारही गुण त्याच्या अंगी आयते नसतील तर कोणीतरी ते आणावयास हवेत. व्हर्जिनिया हेंडरसन ह्या अमेरिकन परिचारिकेने 1960 च्या सुमारास परिचर्येची जी व्याख्या केली तिचा आशय असा की, पुरेसे बळ, इच्छा किंवा ज्ञान असते तर जे रुग्णाने स्वतःच केले असते त्यात त्यास साहाय्य करावे, आणि तेही अशा रीतीने की तो लवकरात लवकर स्वावलंबी व्हावा. आमच्या शैवागमांतील इच्छा, ज्ञान आणि क्रिया ह्या तीन शक्ती त्या बाईंच्या कानी गेल्या असण्याचा संभव नाही, तरी ती रुग्णशय्येपाशी बसून त्याच त्रयीपर्यंत पोचली.

हे शिक्षण प्रत्यक्षात कसे असते ते पाहावे. परिचारिका वृद्धेच्या हाती काठी देते. उजवा खुबा दुखरा म्हणून आजी काठी उजव्या हातात धरतात. सारे जग तसेच धरते. ‘आजी, काठी डाव्या हातात.’ ‘अगं पोरी, दुखतंय इकडं, आणि काठी तिकडं?’ त्यावर ती सांगते की, उजव्या पायावर उभे राहताना कंबर डावीकडे कलू नये म्हणून उजव्या खुब्याच्या बाजूचे स्नायू जोराने ओढ घेतात, आणि त्या ओढीचा दाब सांध्यावरच पडतो; डाव्या हातातल्या काठीने ती ओढ हलकी होते. मग पायऱ्यांचा धडा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. इतके सांगून ती थांबत नाही. ‘आता तुम्ही मला शिकवा,’ असे म्हणून ती रुग्णाची भूमिका घेते आणि आजी गुरू होतात. शेजारच्या खाटेवरील प्लास्टर घातलेल्या मुलास ती बोटांचा रंग, ऊब, सूज, संवेदना आणि हालचाल पाहावयास शिकवते, आत खाज सुटली तर विणकामाची सुई घालू नकोस म्हणून दटावते, आणि बोटे ताणताच असह्य कळ आली, ती औषधाने शमेना, तर सकाळची वाट न पाहता तत्काळ निघून ये, असे बजावते. ह्या शेवटच्या वाक्यावर त्याचा हात राहणार की जाणार हे अवलंबून असू शकते. परंतु वॉर्डाच्या दप्तरात सुया आणि गोळ्यांची नोंद जितकी काटेकोर असते तितकी ह्या वाक्याची नसते. आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 पासून नाशिक शहरातच आहे आणि राज्यातील परिचर्या महाविद्यालयांच्या परीक्षा ते घेते. परीक्षेत ह्या शिकवणुकीस गुण असतात, गर्दीच्या वॉर्डात मात्र तिला वेळ नसतो.

आणि जे थोडे शिकविले जाते ते घरी टिकत नाही, ह्याचे कारण आमचे प्रेम. ‘आई, तुम्ही उठू नका, मी देते’ हे वाक्य ज्या घरात दिवसभर ऐकू येते तेथे सांधा आखडतो, स्नायू वाळतो आणि सेवेची मात्र वाहवा होते. सासूस चालावयास लावणाऱ्या सुनेस शेजारीपाजारी काय म्हणतील, ह्या धास्तीने कितीक शहाण्या सुना मुकाट्याने चहाचा पेला खाटेशी नेतात. सेवा ही वस्तुतः अज्ञान वारसाच्या वतीने चालविलेल्या कारभारासारखी आहे. वारस सज्ञान झाला की शिक्के त्याच्या हवाली करावयाचे. 1761 साली सोळा वर्षांच्या माधवरावास पेशवाईची वस्त्रे मिळाली तेव्हा कारभार रघुनाथरावांच्या हाती आला. पुतण्या सज्ञान झाला तरी त्यांना तो सोडवेना, नाशिकनजीक आनंदवल्लीस राहून ते रुसत राहिले, आणि त्या हव्यासाचा निकाल 1768 साली ह्याच जिल्ह्यातल्या धोडपपाशी तलवारीने लागला. सेवा करणाऱ्याचा अहंकार इतक्या थरास जात नाही, परंतु त्याची जात तीच.

अर्थात ह्याचा विपर्यास होऊ नये. पाठीचा कणा दुखावलेल्या रुग्णास जेव्हा तिघाचौघांनी मिळून ओंडक्याप्रमाणे एकसंध कुशीवर वळवावयाचे असते, शय्याव्रण होऊ नये म्हणून दर दोन तासांनी वळवावयाचे असते, तेव्हा त्यास स्वावलंबनाचे पाठ देणे हे क्रौर्य होईल. कोणत्या दिवशी हात द्यावा आणि कोणत्या दिवशी तो काढून घ्यावा, हे जाणण्यातच परिचर्येचा सारा विवेक आहे, आणि तो पुस्तकापेक्षा रुग्णाच्या चेहऱ्यावरून अधिक कळतो.

ज्यांच्या घरी असा रुग्ण येऊ घातला आहे त्यांना इतकीच विनंती की, निघण्याच्या दिवशी बिलाच्या खिडकीपाशी सगळेच गर्दी करू नका. एकाने रुग्णाजवळ बसून परिचारिकेचे म्हणणे ऐकावे आणि तिने रुग्णास विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर रुग्णासच देऊ द्यावे. न्हाणीघरात धरावयास दांडी बसवा, वाटेतली सतरंजी उचला. देव्हारा भिंतीवर खुर्चीत बसलेल्याच्या हाताशी येईल इतक्या उंचीवर घ्या. खुर्ची मजबूत, दोन्ही बाजूंना हात असलेली आणि गुडघ्यांहून किंचित उंच बैठकीची असावी. आणि ताम्हन, पळी, फुले ज्याची त्याला उचलू द्यावीत.