हटकणारं कुणी

बँड सोडून एकट्यानं गायला निघालेल्या माणसाबद्दल लोक दोन तऱ्हांनी बोलतात. काहींच्या मते त्याच्या डोक्यात हवा गेलेली असते, काहींच्या मते तो एकदाचा मोकळा झालेला असतो. ही सगळी चर्चा माणसाची. त्याच्या गाण्याचं पुढे काय होतं हे तिच्यात कुणी विचारत नाही, आणि मला तर तेच विचारावंसं वाटतं.

खानदेशातल्या पाचोऱ्यात लग्नसराईच्या दिवसांत याचं उत्तर रस्त्यावर ऐकू येतं. वरातीपुढे बँडची गाडी, तिच्यावर स्पीकर, ढोल-ताशे, कीबोर्ड, आणि गर्दीत हातात माइक घेतलेला गायक. या गायकांपैकी काही जण स्वतः रचतात. दोन चालू गाण्यांच्या मधे ते आपलं अहिराणी गाणं हळूच घालतात. नाचणारी पोरं जरा थंडावली की ढोलवाला लय चढवतो, बँडमास्तर डोळ्यानं खूण करतो, आणि रचणाऱ्याला आपलं लाडकं तिसरं कडवं अर्ध्यावर सोडावं लागतं. त्याला ते लागतं. पण महिनाभर असं वाजून वाजून त्या गाण्यात जे उरतं, ते नाचताना धाप लागलेल्या माणसालाही तोंडपाठ होतं. गाणं एकानं रचलं खरं, तरी त्याला आकार दिला तो हटकणाऱ्यांनी. ढोलवाल्याच्या हातांनी, मास्तरच्या खुणेनं, थांबलेल्या पायांनी.

बँड सोडताना गायक आपला गळा, आपल्या चाली, आपली वही घेऊन निघतो. हटकणारे मागे राहतात. नेमकी ही गोष्ट त्याच्या ध्यानात येत नाही, कारण त्यांच्या जाचाला कंटाळूनच तो निघालेला असतो.

हा जाच खोटा असतो असं मी म्हणणार नाही. बीटल्समध्ये जॉर्ज हॅरिसनच्या वाट्याला एका रेकॉर्डवर एक-दोन गाणी यायची. बाकीची जागा लेनन आणि मॅकार्टनीची. त्याची गाणी वर्षानुवर्षं साचत गेली. बँड फुटल्यावर १९७० च्या नोव्हेंबरमध्ये त्याचा 'ऑल थिंग्ज मस्ट पास' आला तो तीन रेकॉर्डचा संच होऊनच. एवढं अडवून धरलेलं गाणं बाहेर पडायलाच हवं होतं, आणि त्यासाठी बँड सुटणं भागच होतं.

पण आपल्याकडे उलटंही घडलेलं आहे. गोविंदराव टेंब्यांनी १९११ साली किर्लोस्कर नाटक मंडळीच्या 'मानापमान' नाटकाला चाली दिल्या. शब्द खाडिलकरांचे, भामिनीची भूमिका बालगंधर्वांची. १९१३ साली बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी किर्लोस्कर सोडून गंधर्व नाटक मंडळी काढली, आणि थोड्याच काळात तीही सोडून स्वतःची शिवराज मंडळी उभी केली. तिथं मालक तेच आणि संगीतकारही तेच. शिवराज फार वर्षं टिकली नाही. गोविंदरावांची प्रतिभा आटली होती असं म्हणायला जागा नाही. पुढे १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा'त ते हरिश्चंद्र झाले आणि संगीतही त्यांचंच होतं. तरी त्यांचं नाव काढताच आजही 'मानापमान' आठवतं. खाडिलकरांसारखा नाटककार आणि बालगंधर्वांसारखा गळा समोर असताना बांधलेल्या त्या चाली आहेत. तो समोरचा माणूस त्या चालींत आहे, असं मला ऐकताना सतत वाटतं.

मग एकट्यानं करणाऱ्यानं करायचं काय? रेमो फर्नांडिसचं उदाहरण मला इथं फार मोलाचं वाटतं. १९५३ साली पणजीत जन्मलेला हा मुलगा आर्किटेक्चर शिकायला मुंबईच्या जे. जे. मध्ये गेला आणि तिथं 'सॅव्हेजेस' या त्या काळच्या नावाजलेल्या रॉक बँडमध्ये गाऊ-वाजवू लागला. बँड मागे टाकून तो युरोपात आणि उत्तर आफ्रिकेत भटकला, रस्त्यांवर गायला, आणि गोव्यात शिवोलीच्या आपल्या घरी परतला. इंग्रजीत स्वतःची गाणी रचणाऱ्या भारतीयाला तेव्हा कॅसेट कंपन्यांच्या दारात फारशी जागा नव्हती. त्यानं घरातच, चार ट्रॅकच्या यंत्रावर गाणी मुद्रित केली. वाद्यं त्याचीच, गळा त्याचाच. १९८४ साली 'गोवन क्रेझी' ही कॅसेट निघाली आणि आपल्या पिवळ्या स्कूटरवर घालून तो ती गोव्यातल्या दुकानांत स्वतः पोचवू लागला.

वरवर पाहता हा माणूस अगदी एकटा. पण त्या चार ट्रॅकच्या यंत्राकडे नीट बघायला हवं. फितीवर शेजारी शेजारी चार पट्ट्या असतात. एकीवर गिटार, दुसरीवर ताल, तिसरीवर बेस, चौथीवर गळा भरला की जागा संपली. आणखी काही हवं असेल तर चौथी मोकळी असतानाच तीन पट्ट्यांवरचं वाजवणं एकत्र करून तिच्यावर उतरवायचं आणि त्या तीन पुसून पुन्हा वापरायच्या. एकदा एकत्र केलेलं पुन्हा सुटं होत नाही. गिटार जरा मोठी झाली, तर ती कायमची मोठी. शिवाय प्रत्येक उतरवण्यागणिक फितीची खरखर वाढते. म्हणजे दर पावलाला ते यंत्र विचारत असतं: हे खरंच हवं आहे का? मास्तर डोळ्यानं जे विचारायचा, तेच.

दुसरं हटकणं स्कूटरवर होतं. दुकानदाराच्या समोर उभं राहून आपली कॅसेट त्याच्या हातात द्यायची, आणि पुढच्या फेरीला किती खपल्या हे त्याच्याच तोंडून ऐकायचं. ऐकणारे लोक ओळखीच्या गावांतले. रेमोची त्या काळातली गाणीही त्यांच्याच जगण्यावर बोलतात. गोव्यातले टेलिफोन चालत नाहीत म्हणून त्यानं थेट ग्रॅहम बेललाच उद्देशून गाणं रचलं. ज्यांचे फोन बंद होते, त्यांच्यासमोर त्या गाण्यातला एक शब्दही पोकळ निघून चालणार नव्हता. बँड गेला, पण त्याच्या जागी यंत्र आलं आणि गाव आलं.

मॅकार्टनीनंही १९७० साली असंच केलं होतं. घरी चार ट्रॅकचं यंत्र, जवळपास सगळी वाद्यं स्वतःची. त्या रेकॉर्डमधली काही गाणी मला मात्र अर्धवट वाटतात. यंत्र तसंच होतं, गाव नव्हतं.

खानदेशाला असं हटकणं नवं नाही. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी कुठल्या मंडळीत कधी गायल्या नाहीत. पण जात्यावर रचताना खुंट्याच्या फेऱ्याबाहेर ओळ जाऊ शकत नाही; दळण ठेवून शब्द शोधत बसता येत नाही. आणि ऐकायला घरचीच माणसं. मुलगा सोपानदेव आणि त्याचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी ऐकून उतरवून घेतलं म्हणून १९५२ साली, बहिणाबाई गेल्यानंतर, ती गाणी पुस्तकात आली. त्यांच्या गाण्यात फालतू शब्द सापडत नाही, यात जात्याचाही वाटा आहे असं मी मानतो.

आज पाचोऱ्यातला जो पोरगा बँडचा माइक ठेवून स्वतःचं गाणं करायला बसतो, त्याच्यापुढची अडचण वेगळी आहे. 'केसावर फुगे'सारखी अहिराणी गाणी यूट्यूबवरून खानदेशाबाहेर पोचली, तेव्हापासून असं बसणारे वाढले आहेत, आणि ते बसलेच पाहिजेत. ज्या बोलीत आपली माणसं भांडतात आणि रडतात, तिच्यात नवं गाणं होणं ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्याच्या लॅपटॉपवर ट्रॅक हवे तितके आहेत, चुकलेलं मागे घेता येतं, सूर यंत्र सरळ करून देतं. त्याला कुणीच अडवत नाही. बघणाऱ्यांचा आकडा बोलतो, पण गाणं बाहेर पडल्यावर. तेव्हा कडवं कापायची वेळ गेलेली असते.

त्याला एवढंच सुचवावंसं वाटतं. आषाढी एकादशीनंतर लग्नं थांबतात ती तुळशीच्या लग्नापर्यंत, आणि बँडवाले रिकामे असतात. ज्या ढोलवाल्यानं तुझं तिसरं कडवं दरवेळी मोडलं, त्याच्या ओट्यावर जाऊन बस. फोनमधलं पक्कं केलेलं गाणं त्याला ऐकवू नकोस. नुसत्या टाळीवर गा, त्याला मांडीवर ठेका धरू दे, आणि त्याचा हात कुठे थांबतो ते बघ.