मागे राहिलेल्यासाठी थांबणे

समूहाने प्रवास करताना सर्वांत पुढे असणाऱ्याने सर्वांत मागे असणाऱ्यासाठी किती थांबावे? प्रश्न वरकरणी साधा वाटतो. 'थांबलेच पाहिजे' असे उत्तर आपण सहज देऊन टाकतो. परंतु थांबण्याची काही किंमत द्यावी लागत नसेल, तोवरच हे उत्तर सोपे असते. जेथे थांबणेसुद्धा धोक्याचे ठरू शकते, अशा एका वाटेवर हा प्रश्न आपण नेऊन पाहू या.

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात रॉकी पर्वताच्या माथ्यावरून 'मोनार्क क्रेस्ट' नावाची वाट जाते. ती जेथून सुरू होते ती मोनार्क खिंड समुद्रसपाटीपासून ३,४४८ मीटर उंच आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहूनही अधिक. तेथून ही वाट धारेने आणखी वर चढते आणि मग दक्षिणेस मार्शल खिंडीकडे उतरते. ही धार म्हणजे त्या खंडाचा जलविभाजक होय. तिच्या पूर्वेस पडलेले पाणी आर्कान्सा नदीतून मिसिसिपीकडे वाहते. पश्चिमेस पडलेले गनिसन नदीतून कोलोरॅडो नदीला मिळते. बर्फ वितळले की जाड टायरांच्या डोंगरी सायकली घेऊन माणसे येथे गटागटाने येतात. पुष्कळ जण पायथ्याच्या गावांतून सायकली गाडीवर लादून खिंडीपर्यंत आणतात आणि तेथून स्वार होतात.

वाट सुंदर आहे, पण ती माणसाची परीक्षा पाहणारी आहे. या उंचीवर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या तुलनेत जेमतेम दोन तृतीयांश असतो. धडधाकट माणसालाही धाप लागते, डोके दुखू लागते. शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी ढग भरून येतात आणि विजा कोसळतात. वाटेचा बराच भाग वृक्षरेषेच्या वर असल्याने तेथे आसरा नाही. म्हणून जाणते लोक पहाटे निघतात आणि दुपारच्या आत उघडी धार मागे टाकतात.

आता दहा जणांचा एक गट डोळ्यांपुढे आणू या. नऊ जण वळणावर पोहोचले आहेत. दहावा मागे आहे. नऊ जण सायकली आडव्या टाकतात, पाणी पितात, छायाचित्रे काढतात. वीस मिनिटांनी दहावा धापा टाकत येतो. तो दिसताच नऊही जण उत्साहाने उठतात आणि म्हणतात, "चला, निघू या!" ज्यांना विश्रांतीची गरज नव्हती त्यांना ती वीस मिनिटे मिळाली, ज्याला होती त्याला एक क्षणही मिळाला नाही. तरीही आपण त्याच्यासाठी थांबलो, या समाधानात ते पुढे जातात. आम्हांला वाटते, आपल्या पुष्कळशा परोपकाराचे स्वरूप असेच असते. आपण थांबतो ते आपल्या सोयीने, आणि त्याचे ऋण मात्र दुसऱ्याच्या खात्यावर मांडतो.

मग दहाव्याला विसावा मिळेपर्यंत सर्वांनी थांबावे काय? येथे आकाशाकडे पाहावे लागते. पश्चिमेस ढग काळवंडू लागले असतील, तर उघड्या धारेवरचा अर्धा तास दहाही जणांच्या जिवावर बेतू शकतो. केवळ दयाळू अंतःकरण येथे पुरे पडत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी विवेकाला इतर नैतिक सद्गुणांचा मार्गदर्शक मानले, त्याचे मर्म अशा जागी कळते. विवेक संकटाच्या घटकेची वाट पाहत नाही. तो पहाटेच कामाला लागतो. सर्वांत संथ स्वाराच्या चालीने दिवसाचा हिशेब मांडणे, त्याप्रमाणे तासभर लवकर निघणे, परतीची वेळ ठरवून ती पाळणे, आणि हत्यारे घेऊन एका अनुभवी स्वाराने राजीखुशीने सर्वांच्या मागे राहणे, हेच खरे थांबणे होय. दुपारी दया दाखवण्याची पाळी येते, ती पुष्कळदा सकाळी न्याय चुकल्यामुळे.

कर्तव्य एकट्या बलवानाचेच आहे, असे मात्र नाही. मागे पडलेला माणूस लाजेने आपली डोकेदुखी लपवतो, "मी ठीक आहे" म्हणतो आणि साऱ्या गटाला अंधारात ठेवतो. आपला अशक्तपणा वेळीच बोलून दाखवणे हाही सत्याचाच एक भाग आहे. त्याने तो बोलून दाखवला, तर कोणीतरी त्याच्याबरोबर परतले पाहिजे. त्याला एकटे पाठवणे म्हणजे गटातून काढून टाकणेच होय. पण त्याला ते बोलण्याचे धैर्य कोठून यावे? पूर्वी अशा कबुलीवर कोणी हसले नसेल, तरच ते येते.

डोंगरी सायकलस्वारांत एक संकेत आहे: उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यावी, आणि सायकलस्वाराने पायी चालणाऱ्याला व घोडेस्वाराला. ज्याचे श्रम अधिक, त्याचा हक्क आधी. आणखी एक शिकवण आहे. विजांत सापडल्यास सायकली बाजूला ठेवून धारेवरून खाली उतरावे आणि एकमेकांपासून दूर पांगावे. म्हणजे एकाच आघातात सारे सापडणार नाहीत आणि जखमी झालेल्याला सावरायला कोणीतरी उरेल. जवळ असणे म्हणजे खेटून असणे नव्हे, हे त्या क्षणी उमगते. एकमेकांवर नजर असली म्हणजे पुरे.

आपल्या घरांतही कोणी ना कोणी मागून येत असते: गुडघे दुखणारी आजी, अभ्यासात रेंगाळणारा मुलगा, आजारातून नुकता उठलेला भाऊ. त्यांच्यासाठी आपण थांबतो, यात शंका नाही. ते येऊन पोहोचल्यावर आपण लगेच उठतो की त्यांना पाणी पिऊ देतो, एवढेच प्रत्येकाने स्वतःला विचारून पाहावे.