आजचे चिंतन : वर्णाचा रकाना (गीता, अध्याय १०, श्लोक ३४)



नेमाप्रमाणे आज विभूतियोगातला चौतिसावा श्लोक आला. आपण कशाकशात आहोत हे भगवंत या अध्यायात अर्जुनाला सांगतात. पर्वतांत मेरू, वृक्षांत अश्वत्थ, नद्यांत गंगा. मग स्त्रीरूपाची पाळी येते आणि ते सात नावं घेतात : कीर्ती, श्री, वाणी, स्मृती, मेधा, धृती आणि क्षमा.

श्लोक मला लहानपणापासून पाठ आहे, पण आज वाचताना मान खाली गेली. कारण सांगतो.

गेल्या आठवड्यात मुलीच्या लग्नाच्या बायोडाटासाठी फोटो काढायला गेलो होतो. फोटोवाल्याने संगणकावर तो दाखवला आणि सहज विचारलं, "काका, थोडा उजळ करू?" मी मान डोलावली. घरी येऊन बायोडाटात 'वर्ण' या रकान्यात 'गोरा' लिहिलं. माझी मुलगी सावळी आहे.

संध्याकाळी तिने तो कागद पाहिला. रागावली नाही. म्हणाली, "बाबा, ही कोण? हिचं लग्न ठरलं तर मी काय करू?"

मला उत्तर देता आलं नाही.

रात्री विचार करत बसलो. ही मान डोलवायला मला शिकवलं कुणी? आईवडिलांनी थोडं, नातेवाइकांनी थोडं, आणि उरलेलं रोज संध्याकाळी टीव्हीने. 'फेअर अँड लव्हली' १९७५ साली बाजारात आली. तिच्या कितीतरी जाहिरातींची गोष्ट एकच असायची : सावळी मुलगी खिन्न, नोकरी नाही, स्थळ नाही, क्रीम लावलं की चेहरा उजळला आणि नशीबही. पुढे २००५ मध्ये पुरुषांसाठीही वेगळं गोरेपणाचं क्रीम आलं. म्हणजे मुलग्यांनाही सुटका नाही. २०२० साली त्या जुन्या क्रीमच्या नावातून 'फेअर' हा शब्द काढला. त्यांनी काढला खरा, पण माझ्या बायोडाटातला रकाना तसाच राहिला.

रंगाचंच कशाला? कपड्यांच्या साबणाच्या जाहिरातीत डाग काढते ती आई, आणि विम्याच्या जाहिरातीत घराची काळजी वाहतात ते वडील. हजार वेळा पाहिलं की ते चित्र आपलंच वाटायला लागतं. मग मुलगी म्हणजे कशी आणि मुलगा म्हणजे कसा, हे आपण ठरवत नाही. पडदा ठरवतो आणि आपण फक्त रकाने भरतो.

आता पुन्हा श्लोकाकडे येऊ. सात नावांत वर्णाचं नाव नाही. कुणी म्हणेल, 'श्री' म्हणजे शोभा. असेल. पण तिच्याबरोबर वाणी आहे, बुद्धी आहे, धीर आहे. माझी मुलगी पतसंस्थेत कर्जाचे कागद तपासते, आणि चुकीच्या कागदावर सही करायला साहेबांनाही नाही म्हणते. हा धीर मी बायोडाटात कुठेच लिहिला नव्हता.

आणखी एक गोष्ट. हे सांगणाऱ्याचं नावच कृष्ण, म्हणजे काळा. ऐकणाऱ्या अर्जुनाची पत्नी द्रौपदी, तिचंही एक नाव वर्णावरून पडलेलं : कृष्णा. आणि भगवंत नुसतं कौतुक करत नाहीत, ते म्हणतात, या सातही जणी म्हणजे मीच. पुरुषोत्तमाला स्वतःला स्त्रीरूपात पाहायला संकोच वाटत नाही. म्हणून तर आपण वारकरी त्या काळ्या पाषाणाच्या विठोबाला माउली म्हणतो. तो जनाबाईजवळ जात्यावर बसला, तेव्हा 'हे बायकांचं काम' असं म्हणाला नाही.

त्या सावळ्या रूपापुढे मी रोज हात जोडतो. आणि माझ्या घरातलं सावळं रूप मी पैसे देऊन पुसायला लावलं. मंडळी, याला भक्ती म्हणता येईल का?

काल मी बायोडाटा नव्याने लिहिला. वर्णाचा रकाना काढून टाकला. फोटो तिच्या मोबाइलमधला घेतला, ऑफिसच्या सहलीतला, हसतानाचा. सौ. म्हणाली, "अहो, स्थळं कमी येतील." येतील कमी. मलाही काळजी आहेच, खोटं कशाला सांगू? दोन ठिकाणी पाठवलाय, अजून निरोप नाही. पण सकाळी मुलीने चहा पुढे ठेवताना तो कागद वाचला आणि एवढंच म्हणाली, "हां, ही मी."

आजचा नेम : घरातल्या एका माणसाकडे, मुलगी असो की मुलगा, पडद्यावरचं चित्र बाजूला ठेवून पाहा. या सातांपैकी त्याच्यात काय दिसतं ते त्याला तोंडाने सांगा. मनात ठेवू नका.

पांडुरंगा, तुझं रूप जसं आहे तसं आवडतं, तशीच तुझी लेकरंही आवडू देत.

राम कृष्ण हरी.