हेवा कोणाचा वाटतो?



आपल्या धर्मग्रामाचा सण झाला त्या संध्याकाळी मी समाधानी होतो. रात्री फोनवर दुसऱ्या एका चर्चच्या वेदीची सजावट पाहिली आणि आपली फुले एकदम फिकी वाटू लागली. सकाळी त्याच फुलांत मला काही उणे दिसले नव्हते!

माणूस कोणाचा हेवा करतो? ॲरिस्टॉटल सांगतो, वयाने, ठिकाणाने, प्रतिष्ठेने जो आपल्या जवळचा, त्याचा. संत थॉमस अक्विनास पुढे म्हणतात की सामान्य माणूस राजाचा हेवा करीत नाही. फोनवर आपल्याला दिसतात ते राजे नव्हेत. वर्गमित्र, जाऊबाई, शेजारी. २००९ साली फेसबुकने ‘लाइक’चे बटण आणले आणि तुलनेला आकडाही मिळाला. शिवाय त्यांचा सणाचा दिवस आपण आपल्या मंगळवारशी ताडून पाहतो. त्यांचा मंगळवार कोणी फोनवर टाकत नाही.

द्राक्षमळ्यातील कामकऱ्यांचा दाखला आठवा. ठरलेला एक दिनार सकाळी त्यांना मान्य होता. संध्याकाळी उशिरा आलेल्यांच्या हातातही तेवढाच पाहिला आणि तो कमी वाटला. नाणे तेच होते.

परवा दहावीतली एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली, “फादर, सगळ्या माझ्या पुढे गेल्या.” कुठे गेल्या, म्हणून विचारले. महाबळेश्वरला गेल्या होत्या, चार दिवस! तीही हसली, पण रात्रभर ती झोपली नव्हती, हेही खरे.

इन्स्टाग्रामवर २०२१ पासून लाइकचा आकडा लपवता येतो. तो कसा लपवायचा, हे तिनेच मला दाखवले. आधी तिच्या फोनवर, मग माझ्या.