जोत्यापासून रस्त्यापर्यंत

दादर टीटीमधला ‘टीटी’ म्हणजे काय, हे तिथे रोज बसची वाट पाहणाऱ्यालाही आता पटकन सांगता येत नाही. ट्राम टर्मिनस. मुंबईतली शेवटची ट्राम १९६४च्या मार्चमध्ये धावली. रूळ गेले, नाव राहिलं. तिथून आंबेडकर रस्त्याने किंग्ज सर्कलकडे चालत निघालं, की अर्ध्या तासात तीन वस्त्या भेटतात. एका बाजूला हिंदू कॉलनी, दुसऱ्या बाजूला पारशी कॉलनी आणि पुढे माटुंगा. तिन्हींचा वास वेगळा, आवाज वेगळा, दुपारची झोपही वेगळी. हिंदू कॉलनीत गल्ल्यांना नुसते क्रमांक: पहिली गल्ली, दुसरी गल्ली. पारशी कॉलनीत फिरदौसीच्या नावाचा रस्ता. माटुंग्याच्या बाजारात केळीची पानं, मोगऱ्याचे गजरे आणि दळल्या जाणाऱ्या कॉफीचा दरवळ.

अशा वेळी आपण सहज म्हणतो, ‘इथल्या माणसांचा स्वभावच तसा.’ माझं म्हणणं थोडं उलटं आहे. वस्तीचा स्वभाव माणसांच्या आधी जमिनीवर आखला जातो. जोतं आणि रस्ता यांच्यामधली जागा किती ठेवायची, हे कुणीतरी ठरवतं. त्या जागेत मग माणसं आपला स्वभाव मांडतात.

या तिन्ही वस्त्यांमागचं कारण एकच होतं: प्लेग. १८९६च्या पावसाळ्याअखेरीस मांडवीत साथ उमटली आणि दाट वस्त्यांची माणसं मरू लागली. १८९८मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने जुन्या मुंबईत घरं पाडून रुंद रस्ते काढले आणि उत्तरेला दादर-माटुंग्याच्या शेतजमिनीवर नवं उपनगर आखलं. पाडापाडीत ज्यांचं छप्पर गेलं ते गरीब. नव्या प्लॉटवर आले ते बहुतेक पगारदार मध्यमवर्गीय. दादरच्या झाडांच्या सावलीचं कौतुक करताना हा हिशेब विसरू नये.

ट्रस्टच्या कारभाऱ्यांपैकी जे. पी. ऑर यांचा एक आग्रह होता, ‘साडेत्रेसष्ट अंशांचा नियम’. खोलीच्या तळापासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे रेघ ओढली, तर तिचा चढ साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त नसावा. भूमितीची भाषा सोडून सांगायचं तर समोरची इमारत जेवढी उंच, तिच्या निम्मी तरी जागा मध्ये मोकळी हवी. हेतू एवढाच, की खालच्या खोलीतही आभाळाचा तुकडा दिसावा. डोक्यात रोगराई होती, शेजारधर्म नव्हे. पण त्या मोकळ्या पट्ट्यात पुढे तुळस आली, क्रिकेट आलं, पापड वाळले, लग्नाचे मांडव पडले. हवेसाठी सोडलेली जागा माणसांनी वापरात आणली.

घराच्या आतही उलथापालथ झाली. चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला, वाड्यात परसात. ‘ब्लॉक’ आला आणि संडास स्वयंपाकघरापासून चार पावलांवर आला. सोवळंओवळं पाळणाऱ्या घरात ही गोष्ट साधी नव्हती. पण नळ, मोरी, संडास सगळं दाराच्या आत आलं तेव्हा चाळीतली सक्तीची ओळखही संपली. बादली घेऊन रांगेत उभं राहिलं की भांडण होतं आणि ओळखही होते. ब्लॉकवाल्याला शेजारी हवा असेल तर मुद्दाम खाली उतरावं लागलं. म्हणून खालची जागा महत्त्वाची ठरली.

कोण कुठे राहणार, हाही आखणीचाच भाग. ट्रस्टमध्येच अभियंता असलेल्या मंचेरजी एदलजी जोशी यांनी पारशी मध्यमवर्गासाठी १०३ प्लॉट राखून घेतले. तरी या कॉलनीला इतर पारशी बागांसारखी कुंपणाची भिंत नाही. समाज बंद, रस्ता उघडा. तिथल्या फाइव्ह गार्डन्स बागांमध्ये संध्याकाळी बसलेल्याला कुणी जात विचारत नाही. वरच्या घराचा प्रश्न वेगळा. माटुंग्याला दक्षिणेतून कारकुनी आणि टायपिंगच्या नोकऱ्यांसाठी आलेल्यांनी देऊळ, शाळा आणि खानावळ उभी केली. १९४२चं रामा नायक यांचं उडुपी बोर्डिंग एकट्या नोकरदाराच्या पोटासाठी निघालं. आज तिथे केळीच्या पानावर जेवायला बाकीची मुंबई येते.

आणि हिंदू कॉलनी? नावातच दार आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२पासून परळच्या बीआयटी चाळीत राहिले. बीआयटी म्हणजे हाच इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. गरिबांसाठी त्याने बांधलेल्या चाळीतल्या दोन खोल्यांत ग्रंथ मावेनात, तेव्हा त्यांनी त्याच ट्रस्टने आखलेल्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधलं. ग्रंथांना जागा हवी, हा या घरामागचा मुख्य हेतू. एकाच संस्थेच्या दोन आखण्या, एक चाळकऱ्यांसाठी, एक प्लॉटवाल्यांसाठी. त्यांच्यातलं अंतर एका माणसाने आपल्या पुस्तकांसह ओलांडलं. आखणी स्वभाव घडवते हे खरं, पण त्या आखणीत कोण येऊन उभा राहील, हे आखणाऱ्याच्या हाती नसतं.

आज या गल्ल्यांत पुनर्विकास चालू आहे. त्याला विरोध करणं मला सोपं वाटत नाही. गळकं छप्पर आणि लिफ्टविना तिसरा मजला सोसणाऱ्या आजींना वारसा शिकवू नये. पण सोसायटीच्या सभेत चर्चा कशाची होते? कार्पेट किती वाढणार, कॉर्पस किती, भाडं किती. तळमजल्याचं काय होणार, हे कुणी विचारत नाही. उत्तर बहुधा ठरलेलं असतं: गाड्यांचे चार मजले, त्यावर पोडियम, त्यावर बाग, दाराशी सुरक्षारक्षक. मोकळी जागा नाहीशी होत नाही, ती उचलून वर ठेवली जाते. रस्त्याने जाणाऱ्याच्या वाट्याला उरते भिंत.

सहा डिसेंबरला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, चैत्यभूमीवर आलेल्या लोकांपैकी कितीतरी जण राजगृहापाशीही येतात. खांद्याला पिशव्या, कडेवर पोरं, पायांत दोन दिवसांचा प्रवास. एरवी दुपारी पेंगणारी गल्ली त्या दिवशी माणसांनी भरून जाते. साडेत्रेसष्ट अंशांचं गणित मांडणाऱ्याच्या स्वप्नातही ही माणसं नव्हती. त्याने जागा सोडली होती उजेडासाठी. ती मोकळी होती, म्हणून रांग मावली.